किळसेचा आकडा

सन्मती मगदूमने जेवण टाकलंय ही गोष्ट मेधा तांबवेकरला सगळ्यांत शेवटी कळली. वास्तविक ती सगळ्यांच्या आधी कळावी म्हणूनच कंपनी तिला पगार देत होती. 'सहाय्य अधिकारी' अशी पाटी तिच्या दारावर होती आणि पाटीखाली एकमेकांत गुंफलेल्या दोन हातांचं चित्र होतं. मिरजेबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत क्षीरांकुर फूड्स तान्ह्या मुलांसाठी दुधाची भुकटी बनवायची. तिथे चौदा कर्मचारी स्वमग्न किंवा अशाच वेगळ्या घडणीच्या मेंदूचे होते आणि त्यांची काळजी वाहणं हे मेधाचं काम होतं.

बातमी आणली सन्मतीच्या आईने. सुनंदा मगदूम सकाळी साडेदहाला आल्या आणि त्यांनी स्टीलचा डबा मेधाच्या टेबलावर उघडून ठेवला. भाकरी वाळून कडक झाली होती आणि मुगाच्या आमटीवर साय धरली होती.

“ह्यो कालचा डबा. परवाचा बी असाच आला,” सुनंदाबाई म्हणाल्या.

“घरी तरी जेवतो ना?”

“घास तोंडापातुर नेतंय, वास घेतंय आन् ठेवतंय. ल्हानपणी लई नाटकं केली त्यानं, पर भाकरी-आमटीला कधी न्हाई म्हणलं न्हाई. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवतात मॅडम. आता दिवस मावळतोय आन् पोरगं ताटापुढं नुसतं बसून ऱ्हातंय. चार म्हैन्यात आकरा किलो उतरलंय. तुमास्नी दिसलं न्हाई व्हय?”

मेधाला दिसलं नव्हतं. रोज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी ती सन्मतीला भेटायची. “कसं चाललंय?” असं विचारायची. “ठीक आहे मॅडम, मजेत,” असं तो हसून म्हणायचा आणि ती तक्त्यात हिरवी खूण करायची. त्याचा शर्ट सैल झालेला तिने पाहिलाही असेल. पण तक्त्यात शर्टासाठी रकाना नव्हता, आणि ज्याला रकाना नाही ते पाहायची तिची सवय गेली होती.

सुनंदाबाईंना चहा पाजून, “मी बघते” असं म्हणून तिने त्यांची बोळवण केली. 'मी बघते' हे सरकारी-निमसरकारी-खासगी सगळ्या कचेऱ्यांचं एकमेव समान भांडवल आहे. मेधाने मात्र या खेपेला खरोखरच बघायचं ठरवलं.

आता हे सगळं कसं सुरू झालं ते सांगायला हवं. हेतू चांगला होता. हेतू चांगलाच असतो, नासलेलं दूधही सकाळी ताजंच होतं. पाच वर्षांपूर्वी नवा कायदा आला आणि प्रत्येक मोठ्या कारखान्याने शेकडा तीन माणसं वेगळ्या घडणीच्या मेंदूची घ्यावीत असं ठरलं. नुसती घेऊन भागत नाही, त्यांना मदतही हवी, म्हणून दोन वर्षांपूर्वी 'सोबत' नावाचा पट्टा आला. डाव्या कानामागून गालापर्यंत येणारी ही त्वचेच्या रंगाची पट्टी. ती चार गोष्टी मोजायची: कातडीवरचा घाम, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर, मेंदूतल्या विजेच्या बारीक लहरी, आणि नाकाशेजारचा एक छोटा स्नायू, जो वरचा ओठ उचलतो.

माणसाचं नाक फार लवकर रुळतं. गोठ्यात राहणाऱ्याला शेणाचा वास येत नाही, कारण काही मिनिटांतच नाकातल्या पेशी थकतात आणि मेंदूही “जुनीच खबर आहे” म्हणून दार लावून घेतो. काही स्वमग्न माणसांच्या मेंदूत हे दार फार सावकाश लागतं. पहिल्या मिनिटाला जो वास, तोच तिसऱ्या तासालाही तितकाच. ट्यूबलाइटची गुणगुण, पंख्याची कुरकुर, शेजाऱ्याच्या चावण्याचा आवाज, सगळं ताजंच्या ताजं. असा माणूस दिवसभर सोसतो आणि मग एकदम फुटतो. ते फुटणं दहा मिनिटं आधी ओळखून त्याला शांत खोलीत पाठवायचं, एवढंच 'सोबत'चं काम होतं. पहिलं दीड वर्ष ते झकास चाललं. सन्मती तेव्हा वजनकाट्यावर होता. डबे चारशे ग्रॅमचेच भरलेत ना हे तो पाहायचा, आणि चारशे या आकड्यावर त्याचा जीव होता.

मग गुणवत्ता विभागाचे प्रमुख डॉ. निशिकांत रेगे यांच्या डोक्यात प्रकाश पडला. एक बॅच खवट निघून परत आली होती. दुधातली चरबी हवेने बिघडू लागली की तिच्यातून काही रेणू सुटतात. अब्जात काही कण एवढे ते थोडे असले, तरी नाकाला त्यांचा खवट वास लागतो. प्रयोगशाळेच्या यंत्राला ते शोधायला पाच तास लागायचे. रेग्यांनी जुन्या नोंदी चाळल्या आणि त्यांना आढळलं, की ती बॅच काट्यावरून गेली त्याच क्षणी सन्मतीच्या पट्ट्याच्या आलेखात एक शिखर उमटलं होतं. त्याला स्वतःला अजून वास जाणवलाही नव्हता. त्याचा ओठ मात्र एका सेकंदात केसभर उचलला गेला होता. किळसेला शून्य ते शंभर असा आकडा देता येत होता, आणि हा आकडा यंत्रापेक्षा पाच तास पुढे धावत होता.

त्यानंतर सन्मती वजनकाट्यावर राहिला नाही.

त्याला जिथे बसवलं होतं, तळमजल्यावरच्या त्या नव्या कक्षात मेधा चार महिन्यांत आत अशी कधी गेलीच नव्हती. दारात उभी राहूनच ती हिरवी खूण करायची. आज ती आत गेली. काचेच्या चौकोनात एक खुर्ची होती आणि खुर्चीसमोर, बरोबर नाकाच्या उंचीवर, एक स्टीलची नळी. दर दहा मिनिटांनी नळीतून गरम भुकटीची वाफ यायची. सन्मती ती हुंगायचा, बाहेर पडद्यावर आकडा पडायचा, नळी शांत व्हायची. दिवसाला चाळीस नमुने. बाहेरचा ऑपरेटर मोबाइल बघत बसला होता, कारण त्याला काही करायचंच नव्हतं. सन्मतीकडे बघायचंही नव्हतं, पडद्याकडे बघितलं की झालं.

“याला जेवायला कधी सोडता?” मेधाने विचारलं.

“तीनला. आधी जेवलं की आकडा ढिला पडतो,” ऑपरेटर म्हणाला. “उपाशी नाक तिखट असतंय मॅडम. साहेबांनीच काढलंय शोधून.”

“आणि शांत खोली?”

“शिफ्ट संपल्यावर. मधे जाऊन आला की अर्धा तास रेघ सपाटच. बॅचेस थांबत्यात.”

म्हणजे विसाव्यासाठी केलेला पट्टा आता विसाव्याच्या आड आला होता. ज्या त्रासाची सूचना मिळताच माणसाला उठवायचं, तोच त्रास आता माल होता, आणि माल कमी पडू नये म्हणून माणसाला बसवून ठेवलं जात होतं. किळस हा शब्द मेधा इतके दिवस आकड्याचं नाव म्हणून वापरत होती, तो आता तिच्या घशात आला.

ती तशीच वर रेग्यांकडे गेली. रेगे पुण्याचे, गोड बोलणारे, शिपायालाही 'मित्रा' म्हणणारे. त्यांच्या मागे भिंतीवर 'प्रत्येक मेंदू मोलाचा' असं लिहिलं होतं.

“मेधाताई, तुम्ही भावनेच्या भरात आहात,” ते म्हणाले. “आजवर या मुलांना जग दयेने नोकरी देत होतं. आपण पहिल्यांदा त्यांच्या वेगळेपणाला किंमत दिली. सन्मतीमुळे किती तान्ह्या बाळांच्या पोटात खराब दूध गेलं नाही, विचार करा.”

“त्याच्या पोटात काहीच जात नाहीये, सर.”

“आहारतज्ज्ञ लावू. आणि त्याची संमती आहे. तुमच्याच समोर घेतलीये.”

त्यांनी चित्रफीत लावली. पडद्यावर सन्मती रेग्यांच्याच खोलीत खुर्चीत बसलेला, शेजारी मेधा. रेग्यांचा आवाज विचारतो, “सन्मती, हे काम आवडतं ना? त्रास होत नाही ना?” सन्मती हसतो आणि म्हणतो, “ठीक आहे सर, मजेत.” पडद्यावरची मेधा कौतुकाने मान डोलावते.

ते वाक्य मेधानेच शिकवलं होतं. कामावर घेतल्यावर पहिले तीन महिने ती नव्या मुलांना रीतभात शिकवायची आणि त्यांना नियम चटकन पाठ होतात म्हणून नियमांचा तक्ता करून भिंतीवर लावायची. त्यातला नियम क्रमांक तीन: वरिष्ठांनी 'कसं चाललंय' किंवा 'त्रास होतो का' विचारलं, की हसून 'ठीक आहे, मजेत' म्हणावं. का, तर लोक सहज विचारतात, त्यांना खरं उत्तर नको असतं. आणि सन्मतीसारखी मुलं खरं उत्तर देत बसतात, मग लोक त्यांना विचित्र म्हणतात. विचित्र म्हणू नये म्हणून तिने त्यांच्या तोंडातला 'नाही' काढून घेतला होता आणि त्याला प्रशिक्षण म्हटलं होतं. भल्याभल्यांना सुचणार नाही असा गळफास तिने प्रेमाने विणून दिला होता.

“पुढच्या शुक्रवारी पालक मेळावा आहे,” रेगे फीत बंद करत म्हणाले. “नव्या भरतीसाठी तुम्ही निवडलेली सहा मुलं येताहेत, पालकांसकट. 'समावेशक कार्यस्थळ' पुरस्काराचे परीक्षकही येतील. खालच्या कक्षासाठी आणखी सहा खुर्च्या आणि नळ्या मागवल्यात. जरा हसतमुख राहा, काय?”

मेधा आपल्या खोलीत आली आणि तिने सन्मतीच्या पट्ट्याची मूळ नोंद उघडली. सहाय्य अधिकारी म्हणून तेवढा अधिकार तिला होता. चार महिन्यांचा छळ कागदावर मांडून पुरस्काराच्या परीक्षकांपुढे ठेवायचा, असा तिचा बेत होता. रेग्यांच्या पडद्यावर फक्त नमुन्यांच्या वेळची शिखरं दिसायची. बाकीची 'निरुपयोगी' म्हणून गाळलेली होती. गाळलेल्यांमध्ये एक शिखर रोज होतं, अगदी घड्याळ लावल्यासारखं, नऊ वाजून सहा मिनिटांनी. खवट भुकटीचा आकडा साठाच्या आसपास असायचा, सर्वांत वाईट बॅचचा चौऱ्याहत्तर. नऊ वाजून सहाचा आकडा एक्क्याऐंशी होता.

त्या वेळी नळीतून काहीच येत नव्हतं. त्या वेळी फक्त मेधा येत होती.

तिने आधी स्वतःची समजूत घातली. हाताला लावायचं क्रीम असेल. तिने क्रीम बंद केलं; दुसऱ्या दिवशी आकडा त्र्याऐंशी. सकाळचा चहा बंद केला, बिनवासाचा साबण आणला, आकडा ऐंशी. चौथ्या दिवशी ती दारात नुसती उभी राहिली आणि काही विचारलंच नाही. रेघ विसापर्यंत चढून थांबली. मग तिने विचारलं, “कसं चाललंय?” सन्मती म्हणाला, “ठीक आहे मॅडम, मजेत,” आणि तिच्या हातातल्या टॅबच्या पडद्यावर रेघ उभी चढली.

“सन्मती, तुला माझी किळस येते का?” तिने विचारलं.

तो नळीच्या स्क्रूकडे बघायला लागला. हा प्रश्न नियम तीनमध्ये बसत नव्हता, त्यामुळे त्याला खरं उत्तर देता येत होतं.

“त्या वाक्याची येते,” तो म्हणाला. “ते तोंडात खवट लागतं. बराच वेळ राहतं. मग पुढचं सगळं तसंच लागतं. भाकरी पण. तुम्ही आलात की ते वाक्य येणार हे कळतं, म्हणून तुमची पण.”

“मग ते म्हणू नकोस. मी सांगते, तो नियम रद्द.”

“नियम बदलला की साहेबांच्या सहीचा कागद लागतो. नियम अकरा.”

अकरावा नियमही तिचाच. ऑपरेटर लोक गंमत म्हणून मुलांना भलतंसलतं करायला सांगत, ते टळावं म्हणून तिनेच तो घातला होता. आता त्याच नियमाने तिची सुटका अडवली होती. तिने कागद टाइप केला आणि रेग्यांकडे नेला. त्यांनी तो शांतपणे वाचला, “मेळावा होऊ दे, मग बघू” असं म्हणून खणात ठेवला आणि खणाला किल्ली लावली.

शुक्रवारी सभागृहात फुगे लावले होते. पहिल्या रांगेत तीन परीक्षक, दुसऱ्या रांगेत सहा मुलं आणि त्यांचे आईबाप. एक आई मुलाच्या कानावरचे हेडफोन पुनःपुन्हा नीट करत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, की मेधाला तिच्याकडे बघवेना. आदर्श कर्मचाऱ्याची आई म्हणून सुनंदाबाईंनाही पुढे बसवलं होतं आणि त्यांच्या हातात गुच्छ दिला होता. सन्मती मंचावर उभा होता. नवा शर्ट त्याला दिलेला, तोही सैलच.

सन्मतीच्या पट्ट्याची रेघ मोठ्या पडद्यावर दाखवणारा संगणक मेधाच्या ताब्यात होता. रेगे भाषणाच्या शेवटी सन्मतीला काय विचारणार ते तिला पाठ होतं, आणि तो काय म्हणणार तेही. त्याला आणखी एकदा ते सोसावं लागणार होतं. तिला ते थांबवता आलं असतं. तिने थांबवलं नाही. स्वतःची शिसारी येत असतानाही तिने रेग्यांची गाळून तयार केलेली रेघ काढून टाकली आणि मूळ रेघ मोठ्या पडद्यावर लावली.

“सन्मती, मित्रा,” रेगे म्हणाले, “सगळ्यांना सांग. काही त्रास होतो का?”

सन्मती हसला. “ठीक आहे सर, मजेत.”

मागच्या पडद्यावर लाल रेघ उभी चढत गेली. एक्क्याऐंशी. सत्त्याऐंशी. ब्याण्णव.

“हा आकडा किळसेचा आहे,” मेधा उठून म्हणाली. “खवट भुकटी हुंगवली की साठ येतो. 'मजेत आहे' म्हणताना ब्याण्णव आला. हे वाक्य त्याला मी शिकवलंय. तुमच्या मुलांनाही मीच शिकवणार आहे. चार महिने याला तीन वाजेपर्यंत उपाशी बसवलं जातंय, कारण उपाशी नाक बरं चालतं. याचं वजन अकरा किलो उतरलंय आणि तक्त्यात मी रोज हिरवी खूण केलीये.”

सुनंदाबाईंनी गुच्छ खुर्चीवर ठेवला. त्या मंचावर चढल्या, मुलाच्या कानामागे हात घालून त्यांनी पट्टा सोलून काढला आणि म्हणाल्या, “चल बाळा, घरला.”

“पाच वाजले न्हाईत, आई.”

मेधाला आठवलं की नियम बदलायला रेग्यांची सही लागते, पण रजेला तिची चालते. चार महिन्यांत तिला हे सुचलं नव्हतं, कारण सन्मतीने रजा मागितली नव्हती आणि मागेल असं त्याच्यात काही तिने शिल्लक ठेवलं नव्हतं. तिने रजेचा अर्ज भरला, सही केली आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला. घडी करून खिशात ठेवला आणि आईच्या मागोमाग मंच उतरून गेला. हेडफोनवाली आई उठली, मग आणखी एक बाप उठला, मग सगळेच.

रेगे मात्र पडद्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. एखाद्याला रस्त्यात सोन्याचा दागिना सापडावा तसा तो चेहरा झाला होता.

“ब्याण्णव,” ते परीक्षकांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले. “नमुना नाही, वास नाही, नुसतं तोंडाने खोटं बोलला तर ब्याण्णव. म्हणजे हे खोटं पकडतं. मुलाखतीला लावा, चौकशीला लावा... कल्पना येतेय का तुम्हाला?”

आणि परीक्षकांपैकी दोघे खुर्च्या पुढे सरकवून पडद्याजवळ गेले. तिसऱ्याने वही काढली. मेधा बाहेर गेली आणि बागेतल्या नळाजवळ तिला उलटी झाली.

राजीनामा तिने त्याच दिवशी दिला. तो तत्काळ स्वीकारला गेला. आभाराचं पत्र आलं, खाली दोन गुंफलेल्या हातांचं चित्र.

पंधरा दिवसांनी ती मगदुमांच्या घरी गेली. क्षमा मागायची होती. शिवाय मनातल्या मनात तिला हेही हवं होतं, की त्यांनी तिला बरं म्हणावं. सन्मतीने नोकरी सोडली होती. सुनंदाबाई तिला बघून हरखल्या. “या या मॅडम. भाकरी खातंय हो आता. दूध न्हाई घेत, पर भाकरी खातंय.” उन्हं अजून अंगणात होती आणि सन्मती आत पाटावर जेवायला बसला होता. ताटात भाकरी, वांग्याची भाजी, चटणी. त्याच्या गालावर पट्टीचा पांढुरका व्रण तेवढा राहिला होता.

मेधा उंबऱ्याशी थांबली. सवयीने तिच्या तोंडून निघालं, “कसं चाललंय, सन्मती?”

त्याचा घास हातात राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, भाकरीकडे पाहिलं.

“हे घर आहे,” तो म्हणाला. “इथे नियम तीन नाही ना?”

“नाही. इथे माझा एकही नियम नाही.”

“मग मला तुम्ही आलेलं नको आहे. तुम्ही आलात की जेवण जात नाही.”

“आरं, असं बोलत्यात व्हय पावण्याला?” सुनंदाबाई कानकोंड्या झाल्या. “मॅडम, तुमी मनावर घेऊ नका. सन्मती, बस म्हण मॅडमना. म्हण, बसा.”

“त्याला काही म्हणायला लावू नका,” मेधा म्हणाली. “बरोबर सांगतोय तो.”

पायातली चप्पल तिने काढलीच नव्हती; ती तशीच मागे वळली आणि अंगण ओलांडून रस्त्याला लागली. डोळे भरून आले होते, पण ती थांबली नाही. तिचं जाणं होईपर्यंत तो घास तसाच हातात धरून बसणार, हे तिला माहीत होतं.